अडतीस नंबरचा तीळ

पालिकेने आमच्या डॉक्टर अरिस्तेऊंना एक फोन दिला होता. तो त्यांनी वर्षभर औषधांच्या कपाटात, पट्ट्यांच्या गुंडाळ्यांमागे दडवून ठेवला. साधा फोन नव्हता, पुढे भिंग बसवलेलं होतं. भिंग माणसाच्या तिळावर टेकवायचं, फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. खाली किनाऱ्यावरच्या व्हिटोरिया शहरात डॉक्टर इरासी म्हणून एक बाई बसतात, त्या फोटो बघून सांगणार. हिरवा म्हणजे घरी जा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे कॅन्सरचा संशय, ताबडतोब पाठवा.

आमच्या सांता ओतिलियाच्या डोंगरात याची गरज नव्हती असं कोण म्हणेल. इथली माणसं पोमेरानो, म्हणजे मूळ जर्मन वंशाची. त्यांचे पणजे बर्फातून बोटीने आले, येताना कातडी तिकडचीच घेऊन आले. आता ती कातडी घालून आल्याच्या वाफ्यात दिवसभर ओणवं राहायचं. उन्हाळ्यात एकेकाची मान बघितली तर वाटतं, बटाटा सोलून कुणीतरी भाजायला ठेवलाय.

मी झेनाइदे, इथल्या सरकारी दवाखान्यातली नर्स. मूळची किनाऱ्यावरची, पण बावीस वर्षं इथेच. डॉक्टरांना अठ्ठावीस झाली.

"झेना," डॉक्टर म्हणायचे, "रोग हाताला कळतो. जिने माणूस बघितला नाही, ती रोग काय बघणार? हे पोरांचं खेळणं आहे."

त्यांच्या या मताला बळ मिळालं ते गोचिडीमुळे. फोन आला त्या पहिल्याच आठवड्यात, डॉक्टर जेवायला गेलेले बघून मी एका अंडीवाल्याच्या पोटरीवरचा डाग टिपला आणि पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: 'उंचवटा आहे, राखाडी रंग, कडा वेडीवाकडी. लवकरात लवकर काढून टाकावा.' डॉक्टरांनी अंडीवाल्याला बोलावलं, चष्मा पुसला, वाकून बघितलं, चिमटा घेतला आणि डाग उपटला. डागाला आठ पाय होते.

तेव्हापासून सांता ओतिलियात एकही बारसं, एकही मयत अशी झाली नाही जिथे डॉक्टरांनी गोचिडीची गोष्ट सांगितली नाही. इरासीबाईंना मी फोनवर भीतभीत कळवलं, तर त्या म्हणाल्या, "मी काढायला सांगितलं. त्यांनी काढलं. माझं चुकलं कुठे?" हे मी डॉक्टरांना सांगितलं. गोष्टीतला तेवढा भाग ते गाळायचे.

वर्ष संपत आलं तशी पालिकेच्या आरोग्यवाल्या साहेबांची चिठ्ठी आली. महिनाअखेर साठ फोटो गेले नाहीत तर फोन शेजारच्या आल्तो जिबोइया गावाला देण्यात येईल. आल्तो जिबोइया म्हटलं की डॉक्टरांचं रक्त उसळतं. तिथल्या डॉक्टरांनी एकदा त्यांना फुटबॉलच्या मैदानात सगळ्यांदेखत म्हातारा म्हटलं होतं.

"फोन मला नको," डॉक्टर म्हणाले, "पण त्याला तर मुळीच मिळता कामा नये."

पण साठ माणसं आणायची कुठून? आल्याची काढणी चालू. या दिवसांत पोमेरानो माणूस दवाखान्यात येतो तो स्वतःच्या पायांनी येत नाही, आणतात. घरोघर जावं तर घरं डोंगरभर विखुरलेली, आणि परक्या माणसासमोर सदरा काढायचा म्हणजे त्यांना मरणाहून मोठं संकट.

नेमकं तेव्हाच मार्लिझे झुमाखचं लग्न ठरलं होतं. इथे लग्नाची पत्रिका नसते, माणूस असतो. नवरीचा भाऊ कपडे करून, टोपीला फुलं लावून घरोघर जातो, दारात उभा राहून आमंत्रणाचं लांबलचक कवन म्हणतो, आपल्या बाटलीतला घोट घरच्यांना देतो, घरचे आपल्या बाटलीतला त्याला देतात, आणि घरची बाई त्याच्या अंगावर एक रंगीत फीत टाचते. फीत टाचली म्हणजे आम्ही येतो. त्याला कुणी दारातून परत पाठवत नाही. पाठवलं तर सात वर्षं नावं ठेवतात.

नवरीचा भाऊ म्हणजे आर्नो. तीस वर्षांचा, मनाने सोन्यासारखा, बाटलीला नाही म्हणता न येणारा. मला सुचलं ते मी बोलून बसले. "डॉक्टर, आर्नो नाहीतरी साठ-सत्तर घरं करणारच आहे. फोन त्याच्याकडे दिला तर?"

मला वाटलं डॉक्टर ओरडतील. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसले. ते हसू मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

"दे," म्हणाले. "साठ घरचे साठ घोट घेऊन तो जे फोटो काढेल, ते बघून तुझ्या इरासीबाई काय सांगतात ते कळू दे एकदा सगळ्या डोंगराला."

मी आर्नोला दोन तास शिकवलं. प्रत्येक तिळाचे दोन फोटो, एक लांबून, म्हणजे तीळ अंगावर कुठे आहे ते कळेल, आणि एक भिंग टेकवून जवळून. तिळाशेजारी कागदी पट्टी धरायची, तिच्यावर माणसाचं नाव लिहायचं. आर्नोने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मंगळवारी सकाळी मोटरसायकलवर बसून गेला तो गुरुवारी परतला. मोटरसायकल दुसराच कुणी चालवत होता.

एकसष्ट तिळांचे फोटो होते. नाव एकावरही नव्हतं.

"पट्ट्या कुठे गेल्या रे?" मी विचारलं.

"पहिल्याच ओढ्यात भिजल्या, ताई. पण तुम्ही काळजी करू नका, मी डोकं चालवलं." त्याने छाती पुढे केली. गळ्यापासून कमरेपर्यंत फिती. "ज्या घरचा तीळ, त्या घरची फीत शेजारी धरून फोटो काढला. आता फीत बघायची, घर ओळखायचं."

युक्ती खरंच वाईट नव्हती. फक्त त्या आठवड्यात डेटमानच्या दुकानात निळी फीत निम्म्या दराने विकायला काढली होती. एकसष्टातल्या चौतिसांत निळी फीत.

"आणि लांबचे फोटो?"

लांबचे फोटो त्याने मनापासून काढले होते. लांबून म्हणजे रस्त्यावरून. प्रत्येकात एक घर होतं. पांढरी भिंत, निळ्या खिडक्या. आमच्याकडे सगळ्याच घरांच्या भिंती पांढऱ्या आणि खिडक्या निळ्या असतात. काहींत धुकं होतं, एकात गाय होती. फोनवर तारीख-वेळ कुणी कधी लावलीच नव्हती, त्यामुळे सगळे तीळ एक जानेवारीला मध्यरात्री काढलेले दिसत होते.

डॉक्टर खूश. "पाठव सगळे," म्हणाले, "एकही वगळू नकोस."

पाठवले. त्यानंतरच्या गुरुवारी, म्हणजे लग्नाला दोन दिवस राहिले असताना, उत्तरं आली. त्रेपन्न हिरवे, सात पिवळे. एक लाल. अडतीस नंबर. खाली इरासीबाईंनी लिहिलं होतं: 'मेलानोमा असण्याची दाट शक्यता. थांबायला वेळ नाही. सोमवारी सकाळची ऑपरेशनची जागा राखून ठेवली आहे. रुग्णाचं नाव कळवा.'

डॉक्टरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आम्ही दोघं त्या फोटोकडे बघत बसलो. काळपट, मधे निळसर, एका बाजूला खाच पडलेला तीळ. शेजारी निळी फीत. लांबच्या फोटोत धुकं, धुक्यात घर, घराला निळ्या खिडक्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना हात लावून तपासलंय. कुणाचा आहे हा?"

त्यांनी फोन जवळ नेला, लांब नेला, उलटा धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "झेना, मी सदऱ्यावरूनच तपासतो गं. ही माणसं काढतच नाहीत."

आर्नोला बोलावलं. त्याने फोटो बघून छातीवर हात ठेवला. "ताई, मी तोंड बघून आमंत्रण देतो, पाठ बघून नाही."

"पाठ आहे हे तरी नक्की?"

"किंवा मांडी," तो म्हणाला.

इरासीबाईंना फोन करून खरं सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "मला चौदा वर्षांत कुणी फितीचा फोटो पाठवला नव्हता. सोमवारची जागा मी सोडत नाही. शोधा."

शुक्रवारी आम्ही चार घरं केली. दोन घरी कुणी नव्हतं, सगळे आल्याच्या वाफ्यांत. तिसऱ्या घरी आजोबांनी सदरा काढायला ठाम नकार दिला, चौथ्या घरी आजोबांनी काढला आणि त्यांच्या बायकोने डॉक्टरांना केरसुणी दाखवली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उद्या लग्नाला सगळे एकाच जागी येणार. तिथेच गाठू."

शनिवारी चर्चमागच्या मांडवात साडेतीनशे माणसं जमली. एका बाजूला सॉसेज आणि मक्याचा पाव, दुसऱ्या बाजूला बिअर, मधे नाचायची फळ्यांची जमीन. डॉक्टरांनी भांडी ठेवायची खोली मागून घेतली आणि आर्नोने बाकावर चढून जाहीर केलं की ज्यांच्याकडे निळी फीत होती आणि ज्यांच्या अंगावर काळा तीळ आहे त्यांनी मागे यावं, एकाला कॅन्सर असू शकतो.

कुणी हललं नाही. सॉसेज खाण्याचा वेग मात्र कमी झाला.

मग मी चूक केली. मला वाटलं धीर द्यावा. मी म्हटलं, "घाबरू नका. सोमवारी पालिकेची व्हॅन थेट व्हिटोरियाला नेईल, एक जागा ठेवली आहे, समुद्राजवळच दवाखाना आहे."

समुद्र हा शब्द निघाला आणि म्हाताऱ्या बायका उठल्या. यातल्या निम्म्यांनी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. पाच मिनिटांत खोलीबाहेर रांग लागली आणि रांगेत भांडणं.

"माझाच आहे तो," एर्ना बोल्ट म्हणत होत्या, "आर्नोने माझ्याच दंडाचा काढला."

"तुझी फीत पिवळी होती, एर्ना."

"निळी होती. उन्हाने पिवळी दिसली असेल."

एक बाई तीळ म्हणून कॉफीचा डाग घेऊन आल्या. डॉक्टरांनी ओला बोळा फिरवला, डाग गेला. "बरं वाटलं," बाई म्हणाल्या, "पण व्हॅनचं काय?"

तेरा दावेदार निघाले. फोनला रेंज फक्त मांडवाशेजारच्या, झुमाखांच्या कोंबड्यांच्या शेडवर चढलं तर यायची. मग पद्धत अशी पडली: डॉक्टर तपासणार, मी फोटो काढणार, शिडीने शेडवर चढून पाठवणार, इरासीबाईंचं उत्तर घेऊन खाली येणार. त्या बाईही जिद्दीच्या. शनिवार असून फोन हातात धरून बसल्या होत्या.

पहिला तीळ डॉक्टरांनी बोट फिरवून बघितला. "हा वाईट आहे. खरखरीत आहे, वाढलेला आहे."

मी वर. इरासीबाई: "म्हातारपणाचा मस. निरुपद्रवी. डॉक्टरांना सांगा, चिकटवल्यासारखा दिसतो तो मसच."

मी खाली. डॉक्टर लाल झाले. "तिला सांग, मी बोट लावलंय."

मी वर. "त्यांना सांगा, मी भिंगातून बघितलंय."

दुसरा तीळ. डॉक्टर म्हणाले एकदम साधा. बाई म्हणाल्या मला आवडत नाही. तिसरा डॉक्टरांना आवडला नाही, बाईंना साधा वाटला. सातव्याला माझ्या गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली. तेराव्यापर्यंत हिशेब असा होता की डॉक्टरांच्या मते दोघांना कॅन्सर होता, बाईंच्या मते दुसऱ्याच दोघांना लक्ष ठेवण्यासारखं काहीतरी होतं, आणि अडतीस नंबर यातला एकही नाही यावर मात्र दोघांचं एकमत होतं. पहिलंच एकमत, आणि तेही काही न सापडल्याचं.

मी शेडच्या छपरावरच बसून राहिले. खाली नवरीचा नाच सुरू झाला होता. आमच्याकडे नवरीला प्रत्येक पाहुण्याबरोबर नाचावं लागतं, एकेकाशी थोडं थोडं, आणि सगळे होईपर्यंत वाजवणं थांबू द्यायचं नसतं. थांबलं तर संसार मधेच थांबतो म्हणतात. साडेतीनशे पाहुणे. वाजवायला रेनाल्दो टेश. पंचावन्नचा माणूस, डोंगरातलं एकही लग्न त्याच्याशिवाय लागत नाही. भाता ताणून वाजवायची ती कॉन्सर्टिना छातीशी धरून तो दीड तास वाजवत होता. घामाने पांढरा सदरा पाठीला चिकटून पारदर्शक झाला होता, आणि डाव्या खांद्याच्या हाडाखाली, सदऱ्याच्या आतून, एक काळा ठिपका दिसत होता.

मी शिडी सोडून उडीच मारली.

"डॉक्टर, रेनाल्दो. त्याच्या पाठीवर."

डॉक्टर नाचणाऱ्यांमधून वाट काढत गेले. "रेनाल्दो, थांब जरा."

"थांबता येत नाही, डॉक्टर. अजून दोनशे माणसं आहेत."

"मग वाजव, मी मागून बघतो."

त्यांनी मागून सदरा वर केला. रेनाल्दो वाजवताना उभ्या जागी डोलतो, हे सगळ्यांना ठाऊक. पाठ डावीकडे जायची, भिंग उजवीकडे राहायचं. तीन फोटोंत नुसता सदरा आला. शेवटी डॉक्टरांच्या लक्षात आलं की फोन स्थिर धरायचा तर आपल्यालाही त्याच ठेक्यात डोलायला हवं. मग अठ्ठावीस वर्षांत कुणी नाचताना न बघितलेले डॉक्टर अरिस्तेऊ, एका हाताने रेनाल्दोचा सदरा धरून, दुसऱ्या हाताने फोन त्याच्या पाठीला टेकवून, डावा-उजवा डावा-उजवा करत त्याच्यामागे नाचू लागले. लोकांना वाटलं डॉक्टरांनाही प्यायला लावली आर्नोने. कुणीतरी टाळ्या धरल्या.

फोटो आला. काळपट, मधे निळसर, एका बाजूला खाच. मी वर चढले.

"लाल," इरासीबाई म्हणाल्या. "हाच. मला वाटतं हाच. डॉक्टर काय म्हणतात?"

खाली आले तर डॉक्टर त्या तिळावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. "तिला सांग," ते म्हणाले, "मलाही तो वाईट वाटतोय."

एवढ्यावर सगळं आटोपेल असं मला वाटलं होतं. पण सोमवारची व्हॅन म्हटल्यावर रेनाल्दोने वाजवता वाजवताच मान हलवली.

"नाही येणार."

"रेनाल्दोभाऊ, कॅन्सर असेल तो," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं? फोनने?" त्याने डॉक्टरांकडे बघितलं नाही, समोर नवरीकडे बघतच बोलत होता. "माझ्या पुतणीच्या बारशाला डॉक्टर काय म्हणाले? हे पोरांचं खेळणं आहे. बोल्टच्या मयताला काय म्हणाले? जिने माणूस बघितला नाही ती रोग काय बघणार. तिने मला बघितलंय का?"

डॉक्टर सदरा धरून मागे उभे होते. "तेव्हा म्हणालो होतो खरं."

"आणि गोचीड? शहरातल्या बाईला गोचीड आणि कॅन्सर यातला फरक कळत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. पाच वेळा ऐकलीय मी गोष्ट. उद्या माझ्या पाठीला सुरी लावायची आणि आत गोचीड निघायची. पुढच्या शनिवारी माझं लग्न आहे आल्तो जिबोइयात. म्हणजे वाजवायचं. खांदा कापला तर भाता कसा ताणू?"

"रेनाल्दो, मी स्वतः हात लावून बघितलं. मी सांगतोय."

"आधी एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय. मी कुठल्या डॉक्टरचं ऐकू? तुमचं की तुमचं?"

 मी डॉक्टरांना कधी असं बघितलं नव्हतं. एखादा माणूस स्वतःच बांधलेल्या कुंपणात अडकावा तसे ते उभे होते, आणि कॉन्सर्टिना वाजत होती आणि दीडशे माणसं राहिली होती. समोरचा माणूस त्यांच्याच शब्दांनी मरायला तयार होता.

मग ते गेले आणि आर्नोच्या हातातून माईक घेतला. गाण्याच्या वरताण ओरडून बोलावं लागलं त्यांना.

"गोचिडीची गोष्ट सगळ्यांना माहिती आहे," ते म्हणाले.

माहिती आहे, माहिती आहे, लोक हसले.

"अर्धीच माहिती आहे. तो अंडीवाला त्या आठवड्यात दोनदा माझ्यासमोर बसला होता. खोकला म्हणून आला, मग पुन्हा पाय दुखतोय म्हणून आला. पाय. मी विजारीवरूनच पाय दाबला आणि गोळी दिली. गोचीड तिथेच होती. मी बघितलीच नाही. त्या बाईंनी निदान बघितली आणि काढा म्हणाल्या. नाव चुकवलं, पण काढा म्हणाल्या." ते थांबले. "मी अठ्ठावीस वर्षांत तुमच्यातल्या कुणाची पाठ बघितलेली नाही. हे मला परवा कळलं."

लोक इतके हसले की नवरीची पावलं चुकली. पहिल्या गोष्टीपेक्षा ही दुसरी जास्त चालली. अंडीवाला खुर्चीवर चढून सगळ्यांना पोटरी दाखवत होता. डॉक्टर माईक हातात घेऊन उभेच होते, आपण नक्की काय सांगितलं आणि लोक का हसताहेत याचा मेळ न लागल्यासारखे.

रेनाल्दो मात्र हसला नाही. शेवटच्या पाहुण्यापर्यंत त्याने वाजवलं, भाता मिटला, पट्टा खांद्यावरून काढला.

"तुम्ही पण चला व्हॅनमध्ये," तो डॉक्टरांना म्हणाला. "चुकलं तर तिथल्या तिथे भांडता येईल."

सोमवारी व्हॅन गेली. आत रेनाल्दो, डॉक्टर, आणि एर्ना बोल्टसकट चार म्हाताऱ्या, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि ज्यांना उतरवायची ड्रायव्हरची टाप नव्हती.

परत आल्यावर रेनाल्दोने दवाखान्यातल्या बाकावर बसून सगळं सांगितलं. "चांगली आहे बाई. खिडकी नसलेल्या खोलीत बसते. मी समोर बसलो, सदरा काढला, तरी ती माझ्याकडे बघेचना. आधी फोटो काढला, मग फोटोकडे बघून म्हणाली, हो, काढू या. डॉक्टर म्हणाले, अहो, हात तर लावा. तिने लावला. आणि दचकली. म्हणाली, किती वर्षांनी हाताला गरम अंग लागलं."

तीन आठवड्यांनी अहवाल आला. मेलानोमा होता. पातळ, वेळेत सापडलेला, कडा साफ. रेनाल्दो वाचला. आल्तो जिबोइयाचं लग्न त्याचं हुकलं, तिथे रेकॉर्ड लावून नाचले म्हणे, आणि नवरीच्या आईने त्याबद्दल आमच्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवून काही शब्द लिहिले, ते मी इथे देत नाही.

मी अहवाल फायलीत लावत होते तेवढ्यात इरासीबाईंचा फोन आला. आवाज पडलेला.

"झेनाइदे, मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघतेय. अडतीस नंबर आणि रेनाल्दोचा. अडतीसची खाच डावीकडे आहे. रेनाल्दोची उजवीकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे एकतर आर्नोने फोन उलटा धरला होता, किंवा हा तो तीळ नाही."

आर्नोला बोलावलं. त्याने खूप विचार केला. "दुपारनंतर मी फोन उलटाच धरत होतो," म्हणाला. "पण दुपार कधी झाली ते आठवत नाही. आणि टेशकाकांकडे मी गेलो होतो का? गेलो असणार. ते लग्नाला आले होते ना?"

"अरे, ते वाजवायला आले होते. वाजवणाऱ्याला आमंत्रण द्यावं लागतं का?"

"द्यावं लागतं," आर्नो म्हणाला. आणि मग, "मला वाटतं."

रेनाल्दोला विचारलं. तो म्हणाला, आर्नो आला होता हे खरं, पण फोटो त्याचा काढला की म्हशीचा, ते पाठीमागे काढल्यामुळे त्याला दिसलं नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. फोन उचलला, भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसलं, कागदी पट्ट्यांचा नवा गठ्ठा पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "चल."

तेव्हापासून आम्ही रोज दुपारी निघतो. निळ्या फितीची चौतीस घरं, त्यातली एकोणीस झाली. डॉक्टर दारात उभे राहून आधी सगळ्यांना सदरे काढायला लावतात, आणि आता लोक काढतात, कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग घरोघर पोचलाय आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवर कुणाचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून सगळे स्वतःहून नीट दाखवतात. काल हार्टविगांकडे सुनेच्या कमरेवर एक मिळाला. काळपट, मधे थोडा निळा, खाच आहे म्हटलं तर आहे. सून आमच्या तोंडाकडे बघत उभी, कडेवर पोर.

डॉक्टरांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी फोटो काढला आणि रेंजसाठी कॉफी वाळवायच्या माचीवर चढले.

"काय म्हणतात गं इरासीबाई?" खालून डॉक्टरांनी विचारलं.

"त्या विचारताहेत, तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टर तिळाकडे बघत राहिले. "त्यांना सांग," ते म्हणाले, "आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा म्हणावं."

मी सांगितलं.  मग इरासीबाई म्हणाल्या, "सोमवारची जागा ठेवते. तिलाच घेऊन या, आणि डॉक्टरांनाही. दोघं मिळून बघू."

"माझं आलं काढायचं राहिलंय," सून म्हणाली.

"काढू आम्ही," डॉक्टर म्हणाले, आणि पट्टीवर तिचं नाव ठळक अक्षरात लिहिलं.